रंग सगळ्यात शेवटी

पहाटे साडेपाच

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरात जुन्या फर्निचरचं रंगकाम करायचं तर घड्याळाला विचारून भागत नाही. इथे दिवस ठरवतात ऊन आणि नळ. ऊन रोजचंच, नळाला मात्र वार असतो. जायकवाडीचं धरण इथून पन्नासेक किलोमीटरवर, पैठणला. त्यातलं पाणी गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत आठवडाभराने एकदा येतं, तेही पहाटे नाहीतर अपरात्री. आज शुक्रवार आणि आज पाणी आलंय, म्हणजे आज धुण्याचा दिवस.

गिऱ्हाइकाला रंगाचं कार्ड बघायची घाई असते. पण जुनी वस्तू शेडमध्ये आली की आधी तिची आंघोळ. चाळीस-पन्नास वर्षं घरात वावरलेल्या लाकडावर काय काय बसलेलं असतं! फोडणीची वाफ, उदबत्तीची काजळी, खुर्चीच्या हातांवर तर पिढ्यान्‌पिढ्यांचं खोबरेल. या तेलकटपणावर कितीही महागाचा रंग लावला तरी त्याचे पापुद्रे सुटणारच. म्हणून कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं, मग साध्या पाण्याने दोनदा. लोक नेमकं हे शेवटचं पुसणं गाळतात. सोड्याचा अंश मागे राहिला की तोही रंग धरू देत नाही. लाकडावर नळी कधी धरायची नाही, सांध्यात पाणी शिरलं की सरस सुटतो आणि खुर्ची हलायला लागते. लोखंडी वस्तूला नळी चालते, पण ती लगेच कोरडी करावी लागते, नाहीतर दुपारपर्यंत तांबेरा हजर.

आज एक सागवानी आरामखुर्ची आणि कुणाच्या तरी बंद पडलेल्या कॅन्टीनच्या लोखंडी खुर्च्या धुवायच्या आहेत. हाताखालचा मुलगा जांभया देत बादल्या भरतोय. मी त्याला ओरडत नाही. पाणी गेलं की पुढचा आठवडा टँकरवर काढायचा, हे त्यालाही माहीत आहे.

साडेसहा

पाळणा. ऊन चढायच्या आत याला हात लावायचा, कारण हे काम सावकाश आणि ओलं करायचं असतं.

चार पिढ्यांचा पाळणा आहे. दर बाळंतपणाला कुणीतरी हौसेने रंगाचा एक हात मारलेला. वर गुलाबी, खाली पोपटी, त्याखाली झणझणीत पिवळा. या पिवळ्याची मला भीती वाटते. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं, आणि पिवळ्या-केशरी रंगांत तर हमखास, कारण तो रंगच शिशाच्या क्रोमेटचा असे. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर कायद्याने मर्यादा आली ती 2016 च्या नियमांनी. दहा लाख भागांत 90 भाग ही ती मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेल्या वस्तूत शिसं असणारच असं नाही, पण नसेलच असंही कोण सांगणार? लहान मुलाच्या मेंदूवर शिशाचा होणारा परिणाम नंतर भरून येत नाही, आणि दात येताना मूल पाळण्याची कड चावतं, हे काय सांगायला हवं.

म्हणून पाळणा कोरडा घासायचा नाही. कोरड्या पॉलिश पेपरने उडालेली धूळ हवेत तरंगते, जेवणाच्या डब्यावर बसते, कपड्यांतून घरी जाते. पाणी पेपर घ्यायचा, साबणाच्या पाण्यात बुडवायचा आणि ओल्यानेच घासायचं. निघालेला चिखल कागदाने पुसून पिशवीत बांधायचा. तो मोरीत सोडायचा नाही, झाडांना तर मुळीच घालायचा नाही. बारीक नक्षीत पेपर पोचत नाही, तिथे जुना टूथब्रश आणि रिमूव्हर. रंग फुगवून सोडवणाऱ्या या रिमूव्हरमध्ये वर्षानुवर्षं मिथिलीन क्लोराइड वापरलं जात आलं. बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसं दगावल्यावर अमेरिकेने 2019 मध्ये घरगुती गिऱ्हाइकाला असा रिमूव्हर विकणंच बंद केलं. आमच्याकडे तो डब्यावरचं बारीक अक्षर न वाचता घेतला जातो. मी तो शेडच्या आत उघडू देत नाही. बाहेर, वारा पाठीवर घेऊन, अशा रसायनाला टिकणारे हातमोजे घालून वापरायचा.

पाळण्याच्या मालकीणबाईंना नातवासाठी बेबी पिंक हवा होता. मी ‘नाही’ म्हटलं. रुसल्या थोड्या. या पाळण्याला मी ऑइल पेंट लावणार नाही, लाखेचं पॉलिश करणार. सावंतवाडीचे कारागीर लाकडी खेळणी लाखेच्या रंगात घडवत आले आहेत, आणि औषधाच्या काही गोळ्यांनाही शुद्ध केलेल्या लाखेचं आवरण असतं. चावून चावून काय होणार!

आठ

आमचे पॉलिशवाले चाचा आले. पॉलिशमध्ये त्यांचा हात धरणारं शहरात कुणी असेल असं मला वाटत नाही, पण लोखंडी कपाटाला ते हात लावत नाहीत. “वो मोटारवालों का काम,” म्हणतात. खरंच आहे. या शहरात रंगाची स्प्रे गन चालवणारे बरेच जण वाळूजला शिकले. 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तिकडे सुरू झाला, मागोमाग सुट्या भागांचे छोटे कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर पेंट शॉप आली. आमचा गनवाला अशाच एका शॉपमध्ये वर्षानुवर्षं स्कूटरचे भाग रंगवत आलाय. आज शुक्रवार, तिकडच्या कारखान्यांची सुट्टी, म्हणून तो दर शुक्रवारी सकाळी माझ्याकडे येतो.

कपाट लग्नाचं आहे. म्हणजे मुलीच्या आजीच्या लग्नात आलेलं, आता नातीच्या लग्नात जाणार. गोदरेजने पोलादी कपाटं करायला सुरुवात केली 1923 मध्ये, आणि पुढे मराठी घरात कपाटाशिवाय लग्न म्हणजे काहीतरी राहिलं असं झालं. हे कपाट गोदरेजचं नाही, इथल्याच कुठल्या तरी फॅब्रिकेटरचं आहे, पण पत्रा आजच्या कपाटांपेक्षा जाड. टिचकी मारली की आवाजावरून कळतं. आजच्या कपाटाचा पत्रा नुसता दाबला तरी ढबू ढबू करतो. असं कपाट भंगारात किलोवर देणाऱ्याला मी वेडा म्हणते.

तीन दिवसांपूर्वी तारेच्या ब्रशने गंज काढला, चेमटलेल्या जागी पुट्टी भरली, घासली, लाल रेडऑक्साइडचा हात दिला. काल सर्फेसर लावून 400 नंबरच्या पाणी पेपरने ओलं घासलं. आज रंग, मोरपंखी. कार्डावर मोरपंखी दिसणारा रंग साडेसहा फुटी कपाटावर दोन छटा गडद दिसतो. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं लागतं आणि तरी शेवटी ऐकावंच लागतं.

हिशेब सोपा आहे. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल कपाट बाहेरून साधारण 63 चौरस फूट भरतं. लिटरभर ऑइल पेंट एका हाताला शंभरेक चौरस फुटांवर जातो. म्हणजे दोन हातांना सव्वा लिटर, आणि गनने वाऱ्यावर उडून जातो तो वेगळा. चार लिटरचा डबा आणून देणाऱ्या गिऱ्हाइकाला उरलेला रंग परत द्यायचा, हा या शेडचा नियम.

कपाट उन्हात ठेवून रंगवत नाहीत. मेमध्ये दहा वाजता पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. रंग पत्र्यावर पडता पडता वरून वाळतो आणि आतून ओला राहतो, मग फोड येतात. म्हणून आठ ते नऊ एवढीच वेळ. गन पत्र्यापासून एका वितीवर, हात मनगटातून नव्हे तर खांद्यातून हलवायचा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. थांबला की ओघळ. गनवाला पाऊण तास कुणाशी बोलत नाही. नाकाला गाळणीचा मास्क, रुमाल नव्हे. रुमालाने धूळ अडेल, थिनरची वाफ अडत नाही. हे सांगून सांगून मी थकले, शेवटी मास्कशिवाय गन द्यायचीच नाही असं ठरवलं.

साडेनऊ

आरामखुर्ची सावलीत वाळली. हातांच्या लांब फळ्या पुढे आलेल्या, त्यावर पाय टाकून पडायचं, अशी. मालक म्हणतात निजामाच्या काळातली आहे. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या वस्तू निजामाच्या काळातल्याच असतात. हा मुलूख निजामाच्या हातून सुटला 17 सप्टेंबर 1948 ला, त्यामुळे आजोबांनी पन्नास वर्षांपूर्वी सुताराकडून करून घेतलेलं टेबलही आता दरबारातून आल्यासारखं सांगतात. मी खुर्ची उलटी करते. खाली चौफुली खाचेचे स्क्रू आहेत. तसले स्क्रू अमेरिकेत 1930 च्या दशकात निघाले, इथल्या सुताराच्या पेटीत यायला आणखी बराच काळ गेला. एक तर खुर्ची नंतरची, किंवा नंतर दुरुस्त झालेली. लाकूड मात्र बावनकशी सागवान. वय काहीही असो, हिला रंगात बुडवायची नाही हे मी तिथेच ठरवलं.

आता वर काय आहे ते बघायचं. याला पैसे लागत नाहीत, कापसाचे तीन बोळे लागतात. दिसणार नाही अशा जागी, सीटच्या खालच्या बाजूला, एक बोळा स्पिरिटचा फिरवायचा. चिकट होऊन तांबूस रंग बोळ्याला लागला तर ते लाखेचं पॉलिश. तसं झालं नाही तर दुसरा बोळा एनसी थिनरचा. लगेच विरघळलं तर लॅकर, म्हणजे ड्युको किंवा त्याच्या जातीचं. नुसती सुरकुती पडली तर ऑइल पेंट. काहीच झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू, आणि मग तिसऱ्या बोळ्याने आपला घाम पुसायचा, कारण ते घासूनच काढावं लागतं.

ही परीक्षा न करता रंग लावणारे पैसे वाया घालवतात. जुन्या ऑइल पेंटवर ड्युको मारला की त्यातलं जहाल थिनर खालचा थर उचलतं आणि अख्ख्या टेबलावर सुरकुत्या पडतात. उलट, म्हणजे लॅकरवर ऑइल पेंट, चालतं, फक्त आधी 220 च्या पेपरने चकाकी मारायची. चकचकीत पृष्ठभागावर रंग धरत नाही. अस्तर लावलं तरी नाही.

या खुर्चीवर वर क्रीम, खाली हिरवा आणि तळाशी, अगदी खाचेत, तांबूस लाख. कुणीतरी चांगल्या पॉलिशवर हिरवा थापला होता. पत्तीने खरवडताना क्रीमच्या चकत्या निघू लागल्या तसं खाली लाकडाचं रेषाकाम दिसायला लागलं. चाचांनी मान वर न करता म्हटलं, “ताई, इसको रंग नक्को.” मला सांगायला नको होतं, पण त्यांनी म्हटलं की बरं वाटतं.

अकरा

ही गिऱ्हाइकांची वेळ. सुट्टीच्या शुक्रवारी वाळूजवाले येतात, एरवी सिडकोतले सेवानिवृत्त. सिडकोने इथे घरं बांधायला घेतली सत्तरच्या दशकात. त्या घरांत तेव्हा घेतलेलं फर्निचर आता एकतर मुलांना नको असतं, नाहीतर सुनेला ‘वेगळ्या रंगात’ हवं असतं.

आज एक ताई आल्या, फोनमध्ये फोटो घेऊन. पांढुरकं कपाट, कडा मुद्दाम झिजवलेल्या, आतून लाकूड डोकावतंय. चॉक पेंट. ॲनी स्लोन नावाच्या इंग्लंडमधल्या बाईंनी 1990 मध्ये हा रंग बाजारात आणला. अस्तर नको, फार घासायला नको, मॅट दिसतो, म्हणून जगभर हौशी लोकांनी उचलून धरला. वाईट रंग नाही. पण तो मऊ असतो, वर मेण चोळावं लागतं, आणि या शहरात मेमध्ये मेणावर धूळ बसली की ती तिथेच मुक्कामाला. बाकी मला गंमत याची वाटते की कालपर्यंत लोक जुनं नवं दिसावं म्हणून पैसे देत होते, आता नवा रंग जुना दिसावा म्हणून देतात. देवोत. माझं पोट दोन्हीवर भरतं.

पण ताई तसा करायला जो पेटारा घेऊन आल्या होत्या तो शिसवी निघाला. पितळी फुल्या ठोकलेला. शिसवीवर पांढरा! मी त्यांना एक नमुना दाखवला, शिसवीच्या तुकड्यावर थेट पांढरा मारलेला. आठवड्यात तो फिकट गुलाबी, महिन्यात चहाच्या डागासारखा झालाय. शिसवीचा स्वतःचा रंग वर झिरपतो. अस्तराचे दोन हात दिले तरी झिरपतो. अडवणारी एकच गोष्ट, मध्ये लाखेचा थर. त्याने डाग थांबतो. “म्हणजे करता येईल ना?” ताईंनी विचारलं. करता येईल. पण करायचं कशाला? शिसव आता पैसे मोजूनही सहज मिळत नाही, आणि पांढरा रंग एमडीएफच्या नव्या कपाटावरही तितकाच शोभतो. त्या विचार करून सांगते म्हणाल्या. पेटारा परत घेऊन गेल्या. पलीकडच्या गल्लीत कुणीतरी पांढरा मारून देईलच.

माझा नियम ज्याला हवा त्याने घ्यावा. लोखंडाला रंग हवाच, त्याशिवाय ते जगत नाही. देवदार, आंबा, जांभूळ, पॅकिंगच्या फळ्या, यांना खुशाल रंगवा, त्यांचं रूप खुलतं. प्लायवूड आणि सनमायका उखडलेल्या टेबलालाही रंगाने नवा जन्म मिळतो. सागवान आणि शिसव यांच्यावर रंग चढवायचा तो फक्त तुकड्यातुकड्यांनी दुरुस्ती झालेली असेल आणि पॉलिशमध्ये ठिगळं दिसणार असतील तेव्हा. तेव्हाही सागवान आधी थिनरने पुसून घ्यायचं. सागवानात स्वतःचं तेल असतं. ज्या द्रव्यांमुळे त्याला वाळवी लागत नाही त्यांच्याच संगतीतलं हे तेल रंगाला धरू देत नाही.

पाऊण

जुम्मा. चाचा हात धुवून, कपडे बदलून नमाजला गेले. गनवालाही गेला, त्याचं काम झालं होतं. शेडमध्ये मी, मुलगा आणि पंखा. पत्रा एवढा तापतो की डोकं चालत नाही. भाकरी, ठेचा, कांदा आणि अर्धा तास आडवं होणं.

अडीच

दिवसातलं सगळ्यात सुंदर काम आता सुरू होतं, आणि त्यात माझा हात नाही.

चाचांनी काल चपडा भिजवलाय. लिटरभर स्पिरिटला दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडा, रात्रभर. लाखेचे किडे पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर बसतात आणि अंगातून जो चीक सोडतात, तो गोळा करून, गाळून, पातळ पापुद्र्यात ओढला की चपडा. आपल्याकडचा बहुतेक झारखंड-छत्तीसगडकडून येतो. चाचा त्यातला खालचा गाळ घेत नाहीत, वरचं नितळ कापडातून गाळून घेतात. आत कापूस, वर जुन्या मलमलीचा तुकडा, अशी पोटली. पहिल्या हातांना पोटली सरळ रेषेत, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. पुढे गोल गोल, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. पोटली कधीही थांबवायची नाही. थांबली तिथे खालचा थर विरघळून पोटलीला चिकटतो आणि डाग पडतो. टेकवताना आणि उचलतानाही हलत्या हातानेच, विमान उतरतं-चढतं तशी.

पाळण्याची एक बाजू आज होईल. पाच-सहा हात झाले की तासभर थांबायचं, बारीक पेपरने हलकं घासायचं, पुन्हा. आमच्याकडच्या कोरड्या मेमध्ये हे काम झपाट्याने होतं. पावसाळ्यात चाचा पॉलिश घेत नाहीत. हवेतला दमटपणा पोटलीबरोबर आत शिरतो आणि पृष्ठभाग ढगाळ पांढरा पडतो. जुलैमध्ये “अर्जंट पॉलिश” करून देणाऱ्याकडे जाऊ नका, एवढं त्यावरून समजा.

लाखेचं पॉलिश नेहमीच चांगलं असतं असं नाही. त्याचा धडा इथून शंभरेक किलोमीटरवर आहे, अजिंठ्यात. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने लेण्यांतली चित्रं सांभाळायला इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोघे जाणकार बोलावले. सुटत चाललेला चित्रांचा थर त्यांनी पक्का केला, त्याबद्दल त्यांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण वरून लाखेचं रोगण दिलं. ते काळाबरोबर पिवळं, मग तपकिरी झालं, त्यावर धूळ आणि धूर बसला, आणि निळे-पांढरे रंग त्याखाली गेले. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांना ते इंच इंच उतरवत बसावं लागलं. मी हे चाचांना सांगितलं तेव्हा त्यांनी पोटली न थांबवता विचारलं, “दीवार पे चपडा? कायकू?” टेबलावरची लाख पिवळी पडली तर स्पिरिटने एका सकाळीत उतरते. खालच्या लाकडाला काही होत नाही, म्हणून तिथे ती चालते. चित्राखालच्या मातीच्या गिलाव्याचं आणि त्यावरच्या रंगांचं तसं नाही.

हौशी वाचकांनी घरी एखाद्या वस्तूवर हात चालवायचा असेल तर पॉलिशनेच सुरुवात करावी असं मला वाटतं. चुकलं तर पुसता येतं.

साडेचार

पश्चिमेकडून वारा उठतो, सोबत रस्त्याची सगळी माती. साडेतीन ते साडेसहा या वेळात मेमध्ये शेवटचा हात कुणीही देऊ नये. सकाळी रंगवलेलं कपाट आता बोटाला लागत नाही एवढं वाळलंय, तरी त्यावर चादर टाकत नाही, चादरीचे ठसे उमटतात. आडोशाला सरकवून आजूबाजूची जमीन शिंपडायची. त्यासाठी पाणी सकाळचं फर्निचर धुतलेलं, पाळण्याचं सोडून.

कॅन्टीनच्या लोखंडी खुर्च्या टेम्पोत भरून ठेवल्या, उद्या सकाळी वाळूजला जातील, पावडर कोटिंगसाठी. रंगाची कोरडी पावडर विजेच्या भाराने लोखंडावर चिकटवतात आणि 180 ते 200 अंशांच्या भट्टीत भाजतात. पावडर वितळून एकसंध कातडं होतं. रोज ओल्या फडक्याने पुसल्या जाणाऱ्या खुर्च्यांसाठी याला तोड नाही. ब्रशने रंगवून मला चार पैसे जास्त मिळाले असते, पण दोन वर्षांत त्या पुन्हा माझ्या दारात आल्या असत्या, तक्रारीसकट. लाकडाची वस्तू मात्र तिथे कोणी घेत नाही, भट्टीत ती तडकते.

पैशांचंही सांगते, कारण सगळे तेच विचारतात आणि उत्तर ऐकून गप्प होतात. दहा रुपये खर्च असेल तर त्यातले सात मजुरीचे असतात, आणि त्या सातांतले पाच रंग लावण्याचे नसतात, रंग काढण्याचे असतात. “नुसता वरून एक हात मारून द्या” म्हणणाऱ्याला मी तेवढ्याच कारणाने परत पाठवते. वरून मारलेला हात खालच्या थराला चिकटतो, आणि खालचा थर तर आधीच सुटलेला आहे. मुठी-बिजागऱ्यांचे पैसे वाचवता येतात. त्या काढून, रंग उतरवून पुन्हा लावाव्यात, पितळ असेल तर चिंच आणि मिठाने घासून. हरवलेल्या जोडीला जोड शोधायची तर रविवारी जाफर गेटचा आठवडी बाजार. तिथे नव्वद टक्के भंगार असतं, पण उरलेल्या दहा टक्क्यांसाठी मी जातेच.

सात

वारा पडला. कपाटाच्या आतल्या फळ्यांना आज शेवटचा हात, ब्रशने. ब्रश थोडासाच रंगात बुडवायचा आणि फार ओढायचा नाही. उष्णतेत रंग लवकर दाटतो, म्हणून टर्पेंटाइन थोडं जास्त, पण एवढंही नाही की रंग पाण्यासारखा पळेल. बाहेरून दुसरा हात उद्या सकाळी, पुन्हा आठ ते नऊमध्येच. डब्यावर “सहा तासांत वाळतो” लिहिलेलं असतं ते बोटाला न लागण्यापुरतं. त्यावर पुढचा हात द्यायला रात्र गेलीच पाहिजे.

खुर्चीचा मालक घरी जाता जाता डोकावला. क्रीम निघालेल्या हाताकडे बघत बराच वेळ उभा राहिला. “पांढरी करायची होती,” म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. पांढऱ्याचे पैसे कमी होतील आणि पॉलिशचे जास्त, हे मी स्वच्छ सांगितलं. उद्या सांगतो म्हणाला. सांगेल, पॉलिशच.

सव्वाआठ

शेड बंद करण्याआधीचं शेवटचं काम मी कुणावर सोडत नाही. चिंध्या. खुर्चीच्या मागच्या बाजूला आज जवसाचं तेल चोळलं, रंगवाले ज्याला बेलतेल म्हणतात ते. या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तेल हवेतला प्राणवायू शोषत आपोआप तापतं, आणि उष्ण रात्री काडी न लावता पेट घेतो. शेजारी थिनरचा डबा असेल तर पुढचं सांगायला नको. चिंध्या बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवायच्या, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवायच्या. घरी दिवाणाला तेल लावणाऱ्यांनीही हेच करावं.

कपाट सोमवारी जाईल. लग्नघरी नेल्यावर त्याची दारं निदान आठ दिवस उघडी ठेवा, आणि मगच आत साड्या लावा. ताज्या ऑइल पेंटचा वास रेशमात शिरला की पुढच्या दिवाळीपर्यंत जात नाही, आणि कच्च्या रंगाला साडी चिकटली तर रंगही जातो, साडीही जाते.